धुराखालचा रस : पेलेट स्मोकरवरच्या मांसाची ग्रेव्ही

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेतल्या असंख्य घरांत टर्की शिजते. अब्राहम लिंकन यांनी 1863 मध्ये थँक्सगिव्हिंगची राष्ट्रीय घोषणा केली, 1941 मध्ये तिथल्या काँग्रेसने कायद्याने हा चौथा गुरुवार कायम केला, आणि या सणाच्या ताटात टर्कीइतकेच मानाचे स्थान तिच्या ग्रेव्हीला मिळाले. याला कारणही तसेच आहे. टर्कीच्या छातीचे मांस चरबीविना असते आणि जरासे जास्त शिजले की कोरडे पडते. त्याला ओलावा, चरबी आणि चव परत देण्याचे काम ग्रेव्ही करते. ओव्हनमध्ये हा प्रश्न जणू आपोआप सुटतो. पक्षी भाजताना त्याचा रस आणि चरबी ज्या ट्रेमध्ये उतरते, त्याच ट्रेमध्ये ग्रेव्हीची सुरुवात होते. पण गेल्या दोन-तीन दशकांत ही टर्की अनेक घरांत ओव्हनमधून निघून अंगणातल्या पेलेट स्मोकरवर गेली. मांसाला धुराची सुंदर चव आली, ओव्हन इतर पदार्थांसाठी मोकळा झाला, आणि ग्रेव्हीचा रस मात्र कुठे धरायचा हा प्रश्न उभा राहिला. बादलीत जमलेले वापरण्यापासून रस धरूच नये इथपर्यंत अनेक उत्तरे दिली जातात. ती सगळी तपासली की एक निष्कर्ष ठळकपणे समोर येतो. स्मोकरमध्ये धरलेला रस ही ग्रेव्ही नव्हे, तो ग्रेव्हीत घालायचा जिन्नस आहे. त्याला तसे वागवले तर तो अमूल्य ठरतो. त्याच्यावर सगळा भार टाकला तर तो ग्रेव्ही बिघडवतो.

हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. ओव्हन घरोघरी येण्यापूर्वी इंग्लंडमध्ये मांस भाजले जाई ते सळईला टोचून, जाळाच्या वर नव्हे तर जाळाच्या समोर. सळई फिरत राही, उष्णता बाजूने लागे, आणि मांसाच्या बरोबर खाली एक लांबट पसरट भांडे ठेवलेले असे. जाळ शेजारी असल्यामुळे हे भांडे चांगले तापत असे, पण जळत नसे. हॅना ग्लास यांच्या 1747 च्या पाककृतीच्या पुस्तकात यॉर्कशायर पुडिंग आहे ते नेमके असेच : मांसाखालच्या भांड्यात, गळणाऱ्या चरबीत शिजणारे. पुढे ओव्हन आला, पण तत्त्व तेच राहिले. साधारण 160 ते 180 अंश सेल्सिअस उष्णतेत रस तापल्या धातूवर पडतो, त्यातले पाणी उडते, आणि उरलेली प्रथिने व शर्करा तळाशी तपकिरी होऊन चिकटतात. या तपकिरी थरावर पाणी, वाइन किंवा स्टॉक ओतून तो खरवडून सोडवला की ग्रेव्हीचा रंगही मिळतो आणि भाजल्याचा खमंगपणाही. म्हणजे परंपरेने आलेल्या ग्रेव्हीला दोन गोष्टी लागतात. रस पडेल ती जागा तपकिरी रंग येण्याइतकी गरम हवी, आणि ती जळण्याइतकी गरम नको. पेलेट स्मोकरमध्ये या दोन्ही अटी एकाच वेळी मोडतात.

का मोडतात ते यंत्राच्या रचनेत आहे. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात जो ट्रेगर यांनी 1980 च्या दशकात हे यंत्र घडवले, 1986 मध्ये त्याचे पेटंट मिळाले, आणि पेटंटची मुदत संपल्यावर अनेक कंपन्या या धंद्यात उतरल्या. रचना मात्र बहुतेकांची सारखीच आहे. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बारीक गोळ्या एका बाजूच्या हॉपरमध्ये असतात. विजेवर फिरणारा मळसूत्रासारखा दांडा त्या थोड्या-थोड्या पुढे ढकलतो, मध्यभागी तळाशी असलेल्या लहानशा अग्निपात्रात त्या जळतात, पंखा हवा पुरवतो आणि नियंत्रक तापमान राखतो. अग्निपात्रावर उष्णता पसरवणारा जाड पत्रा असतो, त्याच्यावर उतरता ट्रे, आणि त्या ट्रेवरून चरबी वाहत जाऊन बाहेर टांगलेल्या बादलीत पडते. सगळ्यात वर जाळी आणि जाळीवर मांस. म्हणजे इथे आग बाजूला नाही, मांसाच्या खाली आहे. शिवाय धुरासाठी तापमान ठेवले जाते 107 ते 120 अंशांच्या आसपास, तर तपकिरी रंग आणि भाजल्याचा वास देणारी मेयार्ड प्रक्रिया चांगला वेग घेते ती साधारण 140 अंशांच्या पुढे. परिणामी जाळीच्या पातळीवर रस तपकिरी होण्याइतकी उष्णता मिळत नाही आणि खालच्या पत्र्यावर तो करपण्याइतकी मिळते. त्यात भर वेळेची. ओव्हनमध्ये 163 अंशांवर तीन-साडेतीन तासांत होणारी सहा किलोची टर्की 107 अंशांवर सहा-सात तास घेते, आणि डुकराचा खांदा किंवा गाईच्या छातीचा मोठा तुकडा त्याहून किती तरी जास्त. इतका वेळ उघड्या रसावर धूर आणि कोरडी हवा वाहत राहते.

सर्वांत सोपे वाटणारे उत्तर म्हणजे बादली. यंत्र स्वतःच रस गोळा करते आहे, तर तोच का वापरू नये? हे उत्तर पूर्ण नाकारावे लागते, आणि त्यात चवीपेक्षा आरोग्याचा प्रश्न मोठा आहे. बादलीकडे जाणारी चरबी ज्या ट्रेवरून वाहते त्यावर मागच्या अनेक वेळच्या शिजवणीची काजळी, राख आणि खवट झालेली जुनी चरबी असते. बादली बाहेर टांगलेली असते, त्यामुळे तिच्यातला रस कोमट होऊन तासन्तास तसाच राहतो. अमेरिकेचे कृषी खाते 4 ते 60 अंश सेल्सिअस हा जिवाणूंच्या वाढीचा धोक्याचा टप्पा मानते, आणि बादलीतला कच्च्या मांसाचा रस नेमका त्याच टप्प्यात रेंगाळतो. नंतर उकळून घेऊ, हा युक्तिवाद पुरेसा नाही, कारण काही जिवाणूंनी सोडलेली विषे उकळल्याने नाहीशी होत नाहीत. ट्रेवर नवी फॉइल घातली आणि बादली घासली तरी तापमानाचा दोष उरतोच. बादली ही चरबीला आग लागू नये म्हणून केलेली सोय आहे. तिला स्वयंपाकाच्या भांड्यांत धरू नये.

दुसरे उत्तर मांसाखाली कोरडा ट्रे ठेवण्याचे. ओव्हनची सवय असलेल्याला हे साहजिक वाटते. ट्रे खालच्या गरम पत्र्यावर ठेवला तर पहिले थेंब पडताच सुकतात, मग काळे पडतात, आणि मांसावर चोळलेल्या मसाल्यात साखर असेल तर ती आणखी लवकर करपते. अशा करपलेल्या थरावर स्टॉक ओतला की जो कडूपणा सुटतो तो पुढे कशानेही झाकला जात नाही. ट्रे जाळीवर ठेवून मांस त्याच्या वर रॅकवर ठेवले तर करपण्याचा धोका कमी होतो, पण रस जवळजवळ सगळा आटतो, कारण पंख्याने खेळवलेली कोरडी हवा सतत त्याच्यावरून जात असते. हाती येते ती धुरकट चरबी आणि कडेला चिकटलेला खारट थर. आणखी एक अडचण कमी बोलली जाते. हे यंत्र हवेच्या प्रवाहावर शिजवते. मांसाखाली पूर्ण रुंदीचा, उंच काठाचा ट्रे घट्ट बसवला तर खालची उष्णता अडते, पक्ष्याची पाठ व मांड्यांची खालची बाजू मागे राहते आणि छाती आधीच कोरडी होते. म्हणून ट्रे उथळ हवा, त्याच्या चारही बाजूंनी हवेला वाट हवी, आणि मांस व ट्रे यांच्यात चार-पाच सेंटिमीटरचे अंतर हवे.

तिसरे उत्तर सर्वांत भरवशाचे आहे : ट्रेमध्ये आधीच द्रव घालणे. दीड-दोन लिटर पाणी किंवा मीठ नसलेला स्टॉक, त्यात जाडसर चिरलेला कांदा, गाजर, सेलरी आणि एखादे तमालपत्र. गळणारा रस या द्रवात पडला की सुकत नाही आणि करपतही नाही. पक्ष्यातून आलेले जिलेटिन त्यात उतरते आणि भाज्यांची गोडी मिसळते. याबाबत एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. स्मोकरची हवा 107 अंशांवर असली म्हणून ट्रेमधले पाणी उकळते असे नाही. उघड्या पृष्ठभागावरून वाफ जाताना ती उष्णता घेऊन जाते, त्यामुळे द्रवाचे तापमान हवेच्या तापमानापेक्षा बरेच खाली राहते. मोठ्या मांसाच्या तुकड्याचे तापमान 65 ते 75 अंशांच्या आसपास तासन्तास अडून बसते त्यामागेही हेच बाष्पीभवन आहे. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, ट्रेमध्ये थंड पाणी घालू नये; उकळता स्टॉक किंवा उकळते पाणीच घालावे, म्हणजे कच्चा रस धोक्याच्या टप्प्यात रेंगाळणार नाही, आणि पातळी उतरली की पुन्हा उकळतेच ओतावे. दुसरी, या द्रवात भाजल्याचा खमंगपणा कधीच तयार होणार नाही, कारण ओल्या भांड्यात तपकिरी रंग येण्याइतके तापमान गाठताच येत नाही. तो खमंगपणा दुसरीकडून आणावा लागेल. भांड्याच्या धातूचाही विचार करावा. वाइन, व्हिनेगर किंवा टोमॅटो घालायचे असेल तर पातळ ॲल्युमिनियमचा ट्रे टाळून स्टीलचा घ्यावा, कारण आंबट द्रव ॲल्युमिनियमला लागतो आणि चवीत धातू उतरतो.

या पद्धतीवर पहिला आक्षेप असा की पाण्याच्या वाफेने कातडी मऊ पडते. आक्षेप खरा आहे, पण दोष एकट्या पाण्याचा नाही. 107 अंशांवर टर्कीची कातडी पाणी नसतानाही रबरासारखी राहते, कारण तिच्यातली चरबी नीट वितळत नाही आणि ती कुरकुरीत होण्याइतकी सुकत नाही. यावर उपाय तापमान वाढवण्याचा आहे. पहिला दीड-दोन तास धूर देऊन नंतर 150 ते 163 अंशांवर नेले तर कातडी सुधारते, शिजण्याचा वेळ घटतो, आणि रस धुरात कमी काळ राहतो. पेलेट स्मोकर कमी तापमानावर जास्त धूर देतो आणि चढत्या तापमानावर लाकूड अधिक स्वच्छ जळते, म्हणून उष्णता वाढवण्याचा फायदा ग्रेव्हीलाही होतो. पक्ष्याच्या बाबतीत मंद आणि दीर्घ शिजवणीचा आग्रह धरण्याचे कारणही नाही. गाईच्या छातीच्या मांसात चिवट तंतू भरपूर असतात आणि ते मऊ व्हायला वेळ लागतो. टर्कीच्या छातीत ते फार कमी असतात.

यानंतर धुराचा प्रश्न येतो, आणि या साऱ्या चर्चेतला सर्वांत दुर्लक्षित भाग तोच आहे. लाकडातले लिग्निन तुटले की ग्वायकॉल आणि सिरिंगॉल यांसारखी फिनॉल वर्गातली संयुगे सुटतात. धुरावलेल्या मांसाचा ओळखीचा वास मुख्यतः त्यांचा. धूर थंड आणि ओल्या पृष्ठभागावर जास्त बसतो. उथळ, रुंद ट्रेमधला द्रव असाच पृष्ठभाग आहे, तोही तासन्तास उघडा. मांसात धूर वरच्या थरापुरता राहतो आणि प्रत्येक घासात आतल्या साध्या मांसाबरोबर त्याचा तोल साधला जातो. ग्रेव्हीत असा आतला भाग नसतो. जो धूर शोषला तो सगळा सगळीकडे पसरतो, आणि आटवताना आणखी दाट होतो. म्हणून स्मोकरवर उत्तम लागलेल्या टर्कीची ग्रेव्ही राखेसारखी कडवट लागू शकते. उपाय अवघड नाहीत. ट्रे सुरुवातीपासून ठेवायचा असेल तर पहिला जास्त धुराचा काळ तो फॉइलने अर्धा झाकावा. किंवा तो दुसऱ्या टप्प्यात, तापमान वाढवताना ठेवावा. पक्ष्याचा बराचसा रस तेव्हाच सुटतो, त्यामुळे फार काही हातचे जात नाही. आणि उग्र धुराच्या मेस्कीट लाकडाऐवजी सफरचंद किंवा चेरीच्या सौम्य लाकडाच्या गोळ्या वापराव्यात.

धुराची चवच हवी म्हणून स्मोकर घेतला, मग ग्रेव्हीत तिची भीती कशाला, असा आक्षेप यावर घेतला जातो. आवडीपुरता तो मान्य आहे; मात्र आरोग्याची बाजू आवडीवर सोडता येत नाही. चरबी तापल्या पत्र्यावर किंवा निखाऱ्यावर पडून जळते तेव्हा बहुवलयी सुगंधी हायड्रोकार्बन तयार होतात आणि धुराबरोबर परत वर येतात. त्यांतल्या बेंझो-ए-पायरीनला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहे, आणि युरोपीय संघाने धुरावलेल्या मांसात त्याची मर्यादा किलोमागे 2 मायक्रोग्रॅम ठरवली आहे. वर्षातून एकदा खाल्लेल्या ग्रेव्हीने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण यातून दोन नियम मिळतात, आणि ते चवीच्या नियमांशी जुळतात. द्रवाने भरलेला ट्रे चरबीला गरम पत्र्यावर पडू देत नाही, म्हणून मुळातच जळका धूर कमी होतो. आणि ही संयुगे चरबीत विरघळतात, म्हणून गोळा झालेल्या द्रवावरची चरबी काढून टाकली तर त्यांचा मोठा भाग आणि धुराचा उग्रपणा दोन्ही तिच्याबरोबर जातात. ग्रेव्हीचे पीठ परतायला स्मोकरमधली सगळी चरबी घेण्याऐवजी लोणी घ्यावे आणि धुराची चरबी फार तर एखादा चमचा मिसळावी.

मिठाचा हिशेबही असाच आधी करावा लागतो. स्मोकरवर जाणारी टर्की बहुधा मिठाच्या पाण्यात रात्रभर बुडवलेली किंवा मीठ चोळून ठेवलेली असते. अमेरिकेतल्या दुकानांत तर अनेक पक्षी मिठाचे द्रावण टोचूनच विकले जातात. हे मीठ रसाबरोबर ट्रेमध्ये उतरते आणि द्रव आटत जातो तसे वाढत जाते. वाढलेले मीठ नंतर काढता येत नाही. कोल्हापुरी मटणाच्या स्वयंपाकात तांबडा आणि पांढरा रस्सा ज्या अळणी पाण्यावर उभा राहतो, त्यातली शिस्त इथे तंतोतंत उपयोगी पडते : पाया बिनमिठाचा, चव शेवटी. ट्रेमधला द्रव बिनमिठाचा, वेगळा केलेला स्टॉक बिनमिठाचा, आणि गोळा झालेला रस मिसळून झाल्यावर चव घेऊन गरज असेल तरच मीठ.

गाय आणि डुक्कर यांच्या मोठ्या तुकड्यांचा विचार वेगळा करावा लागतो. हे मांस दहा-बारा तास किंवा अधिक शिजते. इतका वेळ ट्रे उघडा ठेवला तर द्रव धुराने भरून जातो. पण इथे रस धरण्याची आयती संधी नंतर मिळते. तापमान अडते त्या टप्प्यावर अनेक जण मांस फॉइलमध्ये गुंडाळतात किंवा झाकलेल्या भांड्यात ठेवतात. त्यानंतर सुटणारा रस बंदिस्त राहतो. त्याला नवा धूर लागत नाही, तो आटत नाही, आणि तंतू विरघळून आलेल्या जिलेटिनने तो दाट असतो. चरबी वेगळी केली की हा रस पिठाविनाच मांसावर ओतण्याजोगा होतो. गुंडाळायला कागद वापरला तर मात्र रस त्यात शोषला जातो, म्हणून ग्रेव्ही हवी असेल तर फॉइलच योग्य. शिजलेले मांस विसावताना ताटात जमणारा रसही असाच स्वच्छ असतो, तोही टाकू नये.

आता खमंगपणाचा राहिलेला मुद्दा. तो ओव्हनमधून किंवा शेगडीवरून आणायचा. टर्कीची मान, पंखांची टोके आणि जास्तीचे दोन-चार पंख आदल्या दिवशी 200 अंशांच्या आसपास गडद तपकिरी होईपर्यंत भाजावेत, त्याच ट्रेमध्ये पाणी घालून तळ खरवडावा आणि कांदा-गाजराबरोबर तीन-चार तास मंद उकळून गाळावे. सणाच्या दिवशी साधारण एक लिटर स्टॉकला 50 ते 60 ग्रॅम लोणी आणि तितकाच मैदा, तपकिरी रंग येईपर्यंत परतून, स्टॉक थोडा-थोडा घालून ढवळावा. मैदा जितका गडद परतावा तितका तो कमी दाटपणा देतो, हे ध्यानात ठेवून प्रमाण किंचित वाढवावे. स्मोकरमधला द्रव गाळून, चरबी काढून, वेगळा उकळून घ्यावा आणि मग चमच्या-चमच्याने ग्रेव्हीत घालत चव घ्यावी. कधी सगळा लागेल, कधी अर्धी वाटीच पुरेल. पक्ष्याचे आतले तापमान 74 अंशांना पोचल्याची खात्री थर्मामीटरने करावी, आणि उरलेली ग्रेव्ही दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावी.

इतके सगळे वेगळे करायचे तर रस धरायचाच कशाला, हा शेवटचा आणि सर्वांत रास्त आक्षेप. नुसत्या स्टॉकची ग्रेव्ही चांगली होते यात शंका नाही, आणि घाई असेल तर तेवढ्यावर थांबणे चुकीचे नाही. पण अशी ग्रेव्ही ताटातल्या मांसापासून तुटलेली लागते. मांसाला सफरचंदाच्या लाकडाचा धूर, त्यावर चोळलेल्या मसाल्याचा वास, आणि ग्रेव्हीत मात्र यांतले काहीच नाही. ट्रेमधला दोन-तीन पळ्या रस हे अंतर भरून काढतो. उलट बाजूने, सगळी ग्रेव्ही त्या रसाचीच केली तर तिला रंग नसतो, मीठ जास्त असते आणि धूर डोईजड होतो. दोन्ही टोके सोडून मधला मार्ग घ्यावा असे इथे यंत्राची रचना, रसायन आणि आरोग्य हे तिन्ही एकाच स्वरात सांगतात.

परदेशातल्या मराठी घरांतही आता थँक्सगिव्हिंगची टर्की किंवा तिच्या जागी एखादी मोठी कोंबडी स्मोकरवर चढते. त्या घरांनी आणि हे यंत्र नव्याने घेणाऱ्या प्रत्येकाने एवढे करावे : स्टॉक आदल्या दिवशी करून ठेवावा, मांसाखाली उकळत्या द्रवाचा उथळ ट्रे हवेला वाट सोडून ठेवावा, बादलीला हात लावू नये, आणि धरलेला रस चव घेतल्याशिवाय ग्रेव्हीत ओतू नये.